उंचवट्यापलीकडची हाक

चौथ्या दिवशी सकाळीही कुत्र्यांनी तेच केलं.

नेल्डा पाण्याची बादली घेऊन साखळीच्या टोकाला पोचली. पहिल्या भांड्यात पाणी ओतताना तिच्या लक्षात आलं, की पाण्याकडे कोणी बघत नाहीये. घरामागच्या मोकळ्या जागेत जमिनीलगत एक लांब साखळी ताणलेली होती आणि तिला थोड्याथोड्या अंतरावर पॉइंटर जातीची अठरा शिकारी कुत्री बांधलेली होती. एरवी या वेळी नुसता गोंधळ असायचा. उड्या, केकाटणं, एकमेकांची भांडी पालथी घालणं. आता अठराही कुत्री उभी होती. माना वर, शेपट्या ताठ, तोंडं वायव्येला. साखळीची एक कडीसुद्धा वाजत नव्हती.

तिने आवाज न करता बादली खाली ठेवली.

तिचा थोरला भाऊ रँडल कॉफीचा कप घेऊन मागच्या पायरीवर आला होता. तो आणि इमोजीन आत्या काल दुपारी अलाबामाहून गाडीने पोचले होते, त्यामुळे हे तो पहिल्यांदाच बघत होता.

"वास आला असेल," तो म्हणाला. "ग्राउस पक्षी उतरले असतील तिकडे."

"वारा दक्षिणेचा आहे."

त्याने बोट ओलं करून वर धरलं. शिकारी कुत्री शिकवायचा घरचा धंदा सोडून बावीस वर्षं झाली होती, आता तो ट्रॅक्टर विकत होता, पण ते बोट अजून आपोआप वर जायचं. वारा त्याच्या पाठीवर येत होता.

"मग कोल्हा दिसला असेल."

"कोल्हा दिसला की भुंकतात."

"मग काय करतायत?"

"तुला माहितीये काय करतायत ते."

त्याला माहीत होतंच. गवतात दडलेल्या पक्ष्याचा वास लागलेला कुत्रा पॉइंट धरतो, म्हणजे तिकडे नाक करून थिजतो, तेव्हा त्याचं अंग पुढे दबतं आणि नाकपुड्या हलत राहतात. पण एकाने पॉइंट धरलेला दुसऱ्या कुत्र्याला लांबून दिसला, की दुसराही जागच्या जागी थिजतो. त्याला स्वतःला वास आलेला नसतो. पुढच्याने पक्षी धरलाय, आपण तो उडवायचा नाही, एवढंच त्याला कळतं. याला धंद्यात मान देणं म्हणतात. आजोबा, म्हणजे ओटिस स्ट्रिकलंड, सांगायचे की माणसांत फार थोड्यांना जमणारी ही गोष्ट कुत्र्याला दोन हिवाळ्यांत शिकवता येते.

मात्र मान द्यायला पुढचा कुत्रा डोळ्यांना दिसावा लागतो. आणि वायव्येला गहू कापलेलं रान होतं, मग तारेचं कुंपण, मग गवत, आणि दूरवर उंचवट्याची एक रेघ. तिथे काहीही नव्हतं.

"रोज?" रँडलने विचारलं.

"बुधवारपासून."

म्हणजे डॅडी गेले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. 

पाचेक मिनिटं तशीच गेली. मग टोकाचा म्हातारा कुत्रा खाली बसला, त्याने कान फडफडवले आणि एकदम सगळा गोंधळ सुरू झाला. नेल्डाने बादली उचलली.

"उद्या पहाटे ही सगळी गाडीत चढवायची," रँडल म्हणाला. "अठरा कुत्री, चार घोडे. मी कुत्र्यांच्या मालकांना फोन करून ठेवलेत."

"एकोणीस," नेल्डा म्हणाली. "टॅन्सी धरून."

रँडलने उरलेली कॉफी गवतात ओतली आणि तो आत गेला.

स्वयंपाकघरात इमोजीन आत्याने ताकातले गरम पाव भाजले होते. ओव्हनचं दार नीट लागत नाही म्हणून तिने त्याला खुर्ची टेकवून ठेवली होती. हे घर तिच्या वडिलांनी, ओटिसने, पन्नास वर्षांपूर्वी उन्हाळ्यापुरतं भाड्याने घेतलं, तेव्हापासून ते दार तसंच होतं. तेव्हापासून स्ट्रिकलंड दर जुलैत आपली कुत्री घेऊन दोन दिवसांचा रस्ता तुडवत डकोटाच्या या माळावर यायचे. घरी, दक्षिणेत, उन्हाने कुत्र्यांचे पाय भाजायचे. इथे सकाळ थंड असायची, आणि पक्षी मुबलक. ऑक्टोबरात परत जाऊन लावा पक्ष्यांचा हंगाम धरायचा. आत्या सत्तरी ओलांडलेली. धाकटा भाऊ हॉयल, म्हणजे या दोघांचे डॅडी, गेल्याचं कळल्यावर तिने रँडलला एवढंच सांगितलं होतं, की शवपेटी एकटी येऊ दे, मला तिकडे ने.

शवपेटी शुक्रवारी विमानाने पुढे गेली होती.

"मंगळवारी अकराला चर्च," रँडल पावावर काकवी ओतत म्हणाला. काकवीची बाटली आत्याने घरून आणली होती. "उद्या पहाटे निघालो तर सोमवारी रात्री पोचतो. घोडे गाडीत असताना मला घाई करता येत नाही."

"टॅन्सी सापडल्याशिवाय मी येणार नाही," नेल्डा म्हणाली.

"नेल्डा, चार दिवस झाले. इथे कोल्हे आहेत. साळिंदरं आहेत. ती तारेत अडकली असेल नाहीतर..."

"नाहीतर पॉइंट धरून उभी असेल."

"चार दिवस?"

"तू तिला बघितलेलं नाहीस. मागच्या साली जानेवारीत ती गारांच्या पावसात पावणेतीन तास उभी होती. पाठीवर बर्फ साचला होता."

"मग वेडी आहे ती."

"वेडी नाही, हॉयलची आहे," आत्या म्हणाली. तिने आणखी दोन पाव नेल्डाच्या ताटलीत टाकले. "खा. आणि रँडल, तू जरा ऐक. माझ्या बापाने या माळावर एकही कुत्रं मागे ठेवलं नाही. एका वर्षी नऊ दिवस थांबला होता. माझं लग्न पुढे ढकलावं लागलं."

"आणि काका?"

"तोही थांबला. लग्नाआधी त्याने केलेलं तेवढंच एक चांगलं काम. नंतरचं विचारू नकोस."

रँडलला हसू आलं, पण त्याने ते आवरलं. "आत्या, डॅडी पेटीत आहेत. लोक जमणार आहेत."

"हॉयल आता कुठे जायचाय? थांबेल. लोकांना पावसाचं कारण सांग. पोरगी बरोबर बोलते. कुत्रं सापडल्याशिवाय निघायचं नाही."

नेल्डाने आत्याकडे बघितलं नाही. कोणी आपली बाजू घ्यावी असं तिला चार दिवस वाटत होतं, आणि घेतली तेव्हा तिने हातातला पाव ताटलीत परत ठेवला.

"जॅकेट कुठे ठेवलंयस?" आत्याने विचारलं.

हरवलेल्या कुत्र्यासाठी मालकाचं अंगावरचं जॅकेट ठेवून यायचं असतं. कुत्रं शेवटचं जिथे दिसलं तिथेच, गवतात पसरून. बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी कुत्रं त्यावर झोपलेलं सापडतं.

"पूर्वेच्या कुंपणाशी. तिथेच दिसली होती शेवटची."

"हं," आत्या म्हणाली. तिने स्वतःच्या कपात कॉफी ओतली, साखर घातली, ढवळली. "काल संध्याकाळी शेजारच्या शेतातल्या आर्नेने मला त्याच्या गाडीतून तिकडे नेलं. तुम्ही दोघं घोड्यांचं बघत होता. मी उतरून जॅकेट बघितलं. केस नाही एक. दबलेलंही नाही."

"अजून आली नसेल."

"नसेल. पण गाडीत बसल्यावर मी आर्नेला विचारलं, हॉयल कुठे सापडला. त्याने हात केला. नेमका उलटा. दोन मैल."

"शोधत गेले असतील तिकडे."

"हॉयल?" आत्याचा आवाज जराही चढला नाही. "हॉयल कधीपासून शोधायला जायला लागला? शोधायला तू होतीस ना? बापाचंही असंच होतं आणि हॉयलचंही. कुत्री चालवणारा घोड्यावरून आपल्या वाटेने गात जातो. कुत्रं दिसेनासं झालं की स्काउट घोडा काढते, ते कुठे पॉइंट धरून उभं आहे ते शोधते, आणि टोपी वर करून ओरडते. मग तो तिकडे वळतो. हॉयल वायव्येला वळला, म्हणजे कोणीतरी त्याला वायव्येकडून बोलावलं."

रँडलने चमचा खाली ठेवला.

बाहेर कुत्री शांत झाली होती. ओव्हनमधून उरलेल्या पावांचा वास येत होता, जळायच्या थोडा अलीकडचा, आणि कोणी उठलं नाही.

"मी बोलावलं," नेल्डा म्हणाली.

मग तिने सांगितलं. सांगताना ती टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होती, तिथे ओटिस आजोबांनी कधीतरी चाकूने पाडलेल्या खाचा होत्या.

मंगळवारी संध्याकाळी सहाला तिला टॅन्सी सापडली. उंचवट्याच्या अलीकडे, कमरेएवढ्या गवतात, पाठ आणि शेपूट एका रेषेत. नेल्डाने घोडा तीस पावलांवर थांबवला, टोपी वर केली आणि पॉइंट म्हणून ओरडली. पलीकडून डॅडींचं उत्तर आलं. नेहमीचं. शब्द नसलेलं गाणं, तीन सूर चढते आणि शेवटचा लांब, खाली उतरत जाणारा. चालवणाऱ्या प्रत्येकाचं गाणं वेगळं असतं. कुत्र्याला आणि स्काउटला त्यावरून कळत राहतं, की माणूस कुठे आहे. डॅडींचं गाणं नेल्डा पाळण्यात असल्यापासून ऐकत होती.

"मग मी थांबले."

थांबायचंच असतं. स्काउटने कुत्र्याच्या पुढे जायचं नाही, त्याला हात लावायचा नाही, पक्षी उडवायचा नाही. पॉइंट धरलेल्या कुत्र्याला एकटं सोडून जायचं नाही. चालवणारा येईपर्यंत घोड्यावर बसून राहायचं. पक्षी तो उडवणार, कोऱ्या काडतुसाचा बार तो काढणार, आणि डोक्यावर दोन बोटं ठेवून कुत्र्याला तोच मोकळं करणार.

"किती वेळ?" रँडलने विचारलं.

"पावणेसातपर्यंत."

"आर्नेच्या फाटकाशी घोडा आला सहा वाजून दहा मिनिटांनी. रिकामा. त्याच्या रेडिओवर नुकतंच हवामान सांगून झालं होतं, मला दोनदा सांगितलंय त्याने." रँडल हिशेब करत होता आणि तो त्याला नको होता. "म्हणजे तू ओरडल्यावर पाच मिनिटांत ते पडले. उंचवट्याच्या पलीकडे. तुझ्यापासून किती, तीनशे पावलं?"

"अडीचशे."

"आणि तू पाऊण तास जागची हलली नाहीस."

"ते येत होते."

"ते पडले होते, नेल्डा."

"ते गात होते," ती म्हणाली. "पूर्ण वेळ. मी थांबले कारण ते गात होते."

 मग आत्याने विचारलं, अगदी साध्या आवाजात, दूध तापलं का असं विचारावं तसं:

"जवळ येत होतं की लांब जात होतं?"

"दोन्ही नाही. होतं तेवढ्याच अंतरावर. मला वाटलं, घोड्याचा नाल निखळला असेल, उतरून बघत असतील आणि मला कळावं म्हणून गात असतील. पावणेसातला मी टॅन्सीला तसंच सोडलं आणि वर गेले. उंचवट्यावर पोचले, आणि ते खाली गवतात दिसले. तोंड खाली. हात गार होते, आत्या. आत्ता पडलेल्या माणसाचे नव्हते."

"आणि गाणं?"

"दिसले तेव्हा थांबलं."

आत्या उठली. तिने काकवीच्या बाटलीला झाकण लावलं, ती पुसली, कापडात गुंडाळली आणि पिशवीत ठेवली. मग ओव्हनला टेकवलेली खुर्ची काढली.

"कुत्री गाडीत भरा," ती म्हणाली. "उद्या नाही. आज."

"आत्ताच तुम्ही म्हणालात, की नऊ दिवस..." रँडल म्हणाला.

"ते कुत्र्यासाठी होतं. हे कुत्र्याचं राहिलेलं नाही."

"आत्या, आणखी एक आहे," नेल्डा म्हणाली. इथवर तिचा आवाज स्थिर होता. "बुधवारी सकाळी मी टॅन्सीला आणायला गेले होते. ती जागा दिसेल इथवर पोचलेच नाही. त्याआधीच ऐकू आलं. उंचवट्यापलीकडून. मी घोडा वळवला आणि इथे येऊन सांगितलं, की ती पूर्वेला दिसली होती. जॅकेटही पूर्वेला नेऊन टाकलं. एवढा माळ मी चार दिवस पालथा घातला. तेवढी एक जागा सोडून."

आत्याने डोळे मिटून घेतले. "देवा," ती पुटपुटली. "बिचारं जनावर." पण लगेच डोळे उघडून तिने मान हलवली. "तरी नाही. तिथे जायचं नाही. एक भाऊ गेला म्हणून मी आले, आणखी कोणाला ठेवून जायला नाही. रँडल, सांग तिला."

नेल्डाने रँडलकडे बघितलं. तो आता काय बोलेल ते तिला पाठ होतं. तो एकोणीस वर्षांचा असताना डॅडींचा स्काउट होता. एका स्पर्धेत त्याला कुत्रा पॉइंट धरलेला सापडला, दहा मिनिटं झाली तरी डॅडी येईनात, आणि कुत्रा थरथरायला लागला म्हणून याने जाऊन त्याचा पट्टा धरला. एवढंच. डॅडींनी सगळ्यांसमोर त्याला घोड्यावरून खाली उतरायला लावलं आणि सात मैल चालत परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी ते खोगीर त्यांनी नेल्डाला दिलं. पोरीला थांबता येतं, ते म्हणाले होते. ती तेव्हा पंधरा वर्षांची होती.

रँडल उठला आणि त्याने खुंटीवरची टोपी घेतली.

"घोड्यांवर खोगीर घाल," तो नेल्डाला म्हणाला. "दोन."

"तुला खरं वाटलं?"

"गाण्याचं? नाही. तू दमलेली होतीस, गवतातून वारा वाहत होता. मला एवढंच कळलं, की एक जागा बघायची राहिलीये."

"रँडल," आत्या म्हणाली, "तुझ्या बापाने तुला घोड्यावरून उतरवलं होतं. हे तुझं काम नाही."

"म्हणूनच जातो. तिच्याबरोबर कोणीतरी थांबता न येणारं हवं."

आत्या टेबलावरच्या ताटल्या उचलायला लागली. पण ते दोघं अंगणातून निघाले तेव्हा ती दाराशी आली नाही, आणि आतून तिने कडी लावल्याचा आवाज दोघांनीही ऐकला. दिवसाउजेडी, मैलभरात दुसरं घर नसताना.

साखळीवरची कुत्री पुन्हा उभी राहिली होती. त्यांनी घोड्यांकडे बघितलंसुद्धा नाही.

सकाळ सरत आली होती. कापलेल्या गव्हाच्या रानातून घोड्यांच्या पायाखाली खुंट मोडत होते. आर्नेच्या कुंपणाचं फाटक रँडलने उतरून उघडलं आणि बंद केलं. तिथून पुढे गवत सुरू झालं. इथे पिवळ्या छातीचे छोटे पक्षी कुंपणाच्या खांबांवर बसून दिवसभर गायचे. आज एकही नव्हता. टोळ होते, पण घोडे पुढे सरकतील तसे गप्प होत गेले.

"कुठलं खोगीर दिलंयस मला?" रँडलने विचारलं. त्याला बोलायचं होतं.

"तुझंच."

"डावी रिकीब आखूड आहे."

"मी कधी बदलली नाही."

"बावीस वर्षं तू वाकडी बसतेयस?"

"सवय होते," ती म्हणाली.

उंचवटा फारसा उंच नव्हता. लांबून नुसती रेघ दिसावी, इतकाच. त्याच्या अलीकडे एक सखल जागा होती, तिथे वसंतातलं पाणी अजून थोडं उरलेलं, आणि काठावर लव्हाळं. नेल्डाने घोडा थांबवला. बुधवारी ती इथून परत फिरली होती. आता वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं. ती पुढे गेली.

टॅन्सी तिथे होती.

पांढरं अंग, तपकिरी कान. बरगड्या मोजता येत होत्या. छातीला आणि पोटाला गोखरू चिकटलेले. पण शेपूट ताठ, पुढचा उजवा पाय वर दुमडलेला, नाक उंचवट्याकडे. ती ज्या गवतात उभी होती ते गवत तिच्याभोवती गोल दबलं होतं. तिथून पाण्यापर्यंत एक बारीक वाट पडली होती, एकाच जनावराच्या पायांनी पडते तशी.

"बघ," रँडल हलक्या आवाजात म्हणाला. "पाणी प्यायला जाते. झोपते. मग परत येऊन उभी राहते." त्याने घसा साफ केला. "चार दिवस, नेल्डा."

नेल्डाचा हात टोपीकडे गेला. तिने ठरवलं नव्हतं, हात आपोआप गेला. टोपी वर झाली आणि ती ओरडली, मंगळवारी ओरडली होती तशीच, एकच शब्द.

आणि उंचवट्यापलीकडून उत्तर आलं.

तीन सूर चढते, चौथा लांब, खाली उतरत गेलेला.

नेल्डाने टॅन्सीवरून नजर हलवली नाही. तिने रँडलच्या घोड्याचे पाय ऐकले, ते मागे सरकले आणि थांबले. कातडं करकरलं. तो वळून बघत असावा, मग पुन्हा पुढे.

पुन्हा गाणं आलं. त्याच अंतरावरून.

"रँडल," ती म्हणाली, "तो वारा आहे का?"

 तिने मान वळवली. रँडलने टोपी काढून छातीशी धरली होती. त्याचं तोंड उघडं होतं आणि चेहरा एकोणीस वर्षांच्या मुलासारखा दिसत होता.

"येतायत," तो म्हणाला.

"रँडल."

"थांब. येतायत ते. हात लावू नकोस तिला. या वेळी आपण थांबू."

तिला त्याचा राग आला नाही. तिला त्या पाऊण तासातली स्वतःची पाठ दिसली, ताठ, आज्ञाधारक, आणि टॅन्सीचीही. थांबणं किती सोपं होतं ते तिला आठवलं. गाणं येतंय तोवर माणूस आहे. गाणं येतंय तोवर आपली काही चूक नाही. असं इथे हवं तितके दिवस उभं राहता येतं. पाणी जवळ आहे.

ती घोड्यावरून उतरली. खोगिराच्या पिशवीतून तिने डॅडींचं बार काढायचं पिस्तूल घेतलं. पॉइंट धरलेल्या कुत्र्याच्या पुढे ती आयुष्यात कधी गेली नव्हती. पुढची जागा चालवणाऱ्याची. ती एक पाऊल टाकून थांबली. मग ती टॅन्सीच्या बाजूने, तिला दिसेल अशी, मोठ्या पावलांनी पुढे गेली आणि बुटाने गवत उडवत चालली. डावीकडे. उजवीकडे. पुन्हा डावीकडे. उंचवट्याकडे तिने बघितलं नाही. गाणं डोक्यावरून जात होतं.

गवतात पक्षी नव्हता. पीससुद्धा नव्हतं.

तिने पिस्तूल वर धरलं आणि बार काढला.

टॅन्सीने पाय हलवले नाहीत. पण तिची मान हळूहळू उचलली गेली. गवतातून काहीतरी उठलं आणि उंचवट्यावरून वळून दक्षिणेकडे निघालं असावं, अशी तिची नजर वर चढली, वळली, लांब लांब जात राहिली. शिकवलेला कुत्रा उडालेला पक्षी दिसेनासा होईपर्यंत बघतो, तशी ती बघत राहिली. आकाश मोकळं होतं. मग तिने नजर खाली आणली आणि पहिल्यांदाच नेल्डाकडे बघितलं.

नेल्डाने तिच्या डोक्यावर दोन बोटं ठेवली. "झालं, पोरी," ती म्हणाली. "झालं सगळं. चल."

टॅन्सीचे चारही पाय एकदम दुमडले. नेल्डाने तिला उचललं. पोत्याएवढंही वजन नव्हतं. कुत्रीचं हृदय तिच्या मनगटाला लागत होतं, भराभर, पण नीट. तिने तिला आपल्या खोगिरावर आडवं ठेवलं, मागे चढली आणि एका हाताने धरलं.

रँडल तसाच होता. टोपी छातीशी, पाठ ताठ, तोंड उंचवट्याकडे. त्याच्या गालांवर पाणी होतं आणि त्याला ते माहीत नसावं.

"रँडल, चल. आत्या वाट बघतेय."

तो हलला नाही.

"त्यांनी मला कधी असं बोलावलं नाही," तो म्हणाला. "तेव्हा दहा मिनिटं मी कान देऊन बसलो होतो. काही आलं नाही. म्हणून मी पट्टा धरला." मग हळूच, लहान मुलाने खात्री करून घ्यावी तसं, "तुला येतंय ना ऐकू?"

उंचवट्यापलीकडे चौथा सूर उतरत उतरत गवतात गेला आणि पहिला पुन्हा सुरू झाला.

"नाही," नेल्डा म्हणाली. "थांबलं केव्हाच."

तिने वाकून त्याच्या घोड्याचा लगाम हातात घेतला आणि दोन्ही घोडे घराकडे वळवले.